ब्रिटनमध्ये घराची गॅस-वीज कंपनी बदलायची तर काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा. ठाण्याहून आलेलं चौघांचं कुटुंब. एप्रिलमध्ये रेडिंगला तीन बेडरूमचं टेरेस्ड घर भाड्याने घेतलं. गॅस आणि वीज आधीच्या भाडेकरूच्या कंपनीकडेच राहिली. दर महिन्याला १९० पाउंड डायरेक्ट डेबिटने, म्हणजे बँक खात्यातून आपोआप, जातात, शेजारी तेवढ्याच घरात १३० देतात. कंपनी बदलावी का? घरमालकाची परवानगी लागते का? बदलताना वीज बंद पडते का? नवी कंपनी बुडाली तर पैशांचं काय? आणि लंडनमध्ये नव्या टॉवरमध्ये राहणाऱ्या मेहुण्यालाही हेच करायचं आहे, तर त्याला काय सांगू?

मी बरीच वर्षं इथल्या एका ऊर्जा कंपनीच्या बिलिंग विभागात काम केलं, आता सल्ला केंद्रात लोकांची बिलं वाचून देतो. सोप्या शंका आधी उरकतो.

वीज बंद पडत नाही, गॅसही नाही. कंपनी बदलली तरी तारा त्याच, नळ्या त्याच, मीटरही तोच. तारांची जबाबदारी त्या भागातल्या वितरण कंपनीची असते, तुमची पुरवठादार कंपनी कोणतीही असो. वीज गेली तर फोन त्या वितरण कंपनीला करायचा. पुरवठादार घाऊक बाजारातून वीज आणि गॅस विकत घेतो, वहनाचे पैसे भरतो आणि तुम्हाला बिल पाठवतो. बदलतं ते एवढंच, बिल कोणाकडून येणार. कोणी घरी येत नाही, काही खोदत नाही. साधारण पाच कामकाजाच्या दिवसांत काम होतं आणि करार केल्यापासून चौदा दिवसांत मन बदललं तर रद्दही करता येतो. जुन्या कंपनीला ‘मी सोडतोय’ असं कळवायचीही गरज नाही, नवी कंपनी ते करते. जुन्या कंपनीचं डायरेक्ट डेबिट मात्र शेवटचं बिल चुकतं होईपर्यंत बँकेतून रद्द करू नका.

घरमालकाचं म्हणाल, तर बिल तुमच्या नावावर येत असेल आणि तुम्हीच भरत असाल, तर कंपनी निवडायचा हक्क तुमचा. भाडेकरारात ‘कंपनी बदलल्यास कळवावे’ असं कलम असतं, तेव्हा एक ईमेल टाकून ठेवा. मीटरच बदलायचा असेल, उदाहरणार्थ प्रीपेमेंट, म्हणजे आधी पैसे भरून वापरायचा मीटर, काढून साधा बसवायचा, तर मात्र आधी विचारा. घर सोडताना मालक तो पूर्ववत करून मागू शकतो. ज्यांच्या भाड्यातच वीज-गॅस धरलेला असतो त्यांना कंपनी बदलता येत नाही. तसंच मालक मीटर बघून वेगळे पैसे घेत असेल, तर त्याला स्वतःला पडलेल्या दरापेक्षा जास्त दर लावता येत नाही. हा नियम एका खोलीत राहणाऱ्या आपल्या बऱ्याच विद्यार्थ्यांना माहीत नसतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही १९० आणि १३० यांची तुलना करताय, आणि हे दोन्ही आकडे दर नाहीत. ते हप्ते आहेत. कंपनी तुमच्या वर्षाच्या वापराचा अंदाज बांधते, त्याचे बारा भाग करते आणि दर महिन्याला तेवढे घेते. नव्या घरात हा अंदाज बहुधा आधी राहत होते त्यांच्या वापरावरून आलेला असतो. ते दिवसभर घरी असतील, हीटिंग चालू ठेवून खिडक्या उघडत असतील, तर त्यांच्या सवयींचा हप्ता तुम्ही भरता. शेजाऱ्यांचे १३० हेही तसंच. कदाचित ते दोघंच असतील, कदाचित त्यांच्या मीटरचं खरं रीडिंग कित्येक महिने गेलंच नसेल आणि मार्चमध्ये कंपनी थकबाकी काढेल. दुसऱ्याचा हप्ता ऐकून कंपनी बदलणारे लोक मला दर हिवाळ्यात भेटतात. नवी कंपनी सुरुवातीला ११० चा हप्ता सांगते, लोक खूश होतात, आणि फेब्रुवारीत तो १८० होतो. दर मात्र आधीपेक्षा जास्तच निघतो.

तुमच्या बिलाच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर चार आकडे असतात: विजेचा युनिट दर, विजेचा स्टँडिंग चार्ज, गॅसचा युनिट दर, गॅसचा स्टँडिंग चार्ज. आणखी दोन लागतात: वर्षाची वीज किती आणि गॅस किती, युनिटमध्ये. इथे युनिट म्हणजे किलोवॅट-तास, महावितरणचं युनिट तेच. स्टँडिंग चार्ज म्हणजे आपल्या बिलावरचा स्थिर आकार, फक्त इथे तो दिवसाच्या हिशोबाने लागतो. घराला कुलूप लावून महिनाभर ठाण्याला गेलात तरी लागतो.

तुमच्या बिलावर वर्षाचा अंदाज वीज ३,१०० युनिट आणि गॅस १३,००० युनिट असा आहे. चौघांच्या घराला हा पटण्यासारखा आहे. ऊर्जा नियामक ऑफजेम २०२५ मध्ये ‘सर्वसाधारण घर’ धरत होता ते २,७०० आणि ११,५०० चं. तुम्ही कंपनीच्या मूळ, म्हणजे स्टँडर्ड व्हेरिएबल योजनेवर आहात. तिचे दर ऑफजेमच्या प्राइस कॅपला, म्हणजे दरांच्या कमाल मर्यादेला, जवळपास चिकटलेले असतात. २०२५ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीचे सरासरी कॅप-दर वीज २६.३५ पेन्स युनिट आणि दिवसाला ५३.६८ पेन्स, गॅस ६.२९ पेन्स युनिट आणि दिवसाला ३४.०३ पेन्स असे होते. त्यात ५ टक्के व्हॅट आलाच. प्रदेशानुसार थोडा फरक पडतो, तुमच्या बिलावरचे घ्या. गणित असं पडतं:

वीज: ३,१०० युनिटचे ८१७ पाउंड आणि वर्षाचा स्टँडिंग चार्ज १९६, मिळून १,०१३. गॅस: १३,००० युनिटचे ८१८ आणि स्टँडिंग चार्ज १२४, मिळून ९४२. एकूण १,९५५ पाउंड, म्हणजे महिन्याला १६३.

तुम्ही १९० देताय. म्हणजे काहीही न बदलता महिन्याला २७ पाउंड कंपनीकडे साठताहेत. तुम्ही लिहिलंय की सप्टेंबरअखेर खात्यात ४२० पाउंड जमा दिसतात. उन्हाळ्यात जमा दिसणं योग्यच आहे, कारण हीटिंग बंद असतं आणि ती शिल्लक डिसेंबर ते मार्चमध्ये संपते. पण १६३ च्या हप्त्याने ती साधारण २६० झाली असती. वरचे १६० तुमचेच आहेत. कंपनीला आजचं मीटर रीडिंग द्या आणि हप्ता १६५ करायला सांगा. जादा जमा रक्कम मागायचा हक्क तुम्हाला आहे, नाही म्हणायचं तर कंपनीला कारण द्यावं लागतं. चारशेच्या चारशे मात्र मागू नका, नाहीतर जानेवारीत हप्ता वाढवून घेतील आणि मग तुम्ही म्हणाल कंपनी लुटते.

हे झाल्यावरच बाहेरच्या योजनांकडे बघायचं. समजा एक योजना, तिला ‘अ’ म्हणू, वर्षभर स्थिर दर देते: वीज २४.५ पेन्स आणि दिवसाला ५०, गॅस ५.८ आणि दिवसाला ३२. तुमच्या वापराला हिचे १,८१३ होतात. वर्षाला सुमारे १४२ पाउंड वाचतात. दुसरी ‘ब’ स्टँडिंग चार्ज बराच कमी ठेवते, विजेला ४० आणि गॅसला २५ पेन्स, पण युनिट २५.८ आणि ६.१ ला देते. तिचे १,८३० होतात. तुम्हाला ‘अ’ बरी. पण तुमच्याच गल्लीत एकट्या राहणाऱ्या, वर्षाला १,६०० युनिट वीज आणि ६,००० युनिट गॅस वापरणाऱ्या बाईंना ‘अ’ चे १,०३९ आणि ‘ब’ चे १,०१६ पडतील. त्यांना ‘ब’ स्वस्त. हे दर मी उदाहरणासाठी घेतलेत, पण गणित खरं आहे. म्हणून ‘सध्या सगळ्यात स्वस्त कंपनी कुठली’ या प्रश्नाला उत्तर नसतं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कोणी कंपनीचं नाव टाकून ‘घ्या, मी घेतली’ म्हणतो तेव्हा तो स्वतःच्या वापराबद्दल बोलत असतो. त्याच्या लिंकवरून गेलात तर त्याला बिलात काही पाउंड सूट मिळते, तेही लक्षात असू द्या.

महाराष्ट्रातून आलेल्या माणसाची विजेबद्दलची एक सवय इथे उलटी पडते. आपल्याकडे घरगुती दराचे टप्पे असतात, १०० युनिटपर्यंत एक, मग ३०० पर्यंत त्याहून चढा, पुढे आणखी चढा. त्यामुळे ‘शंभरच्या आत ठेवा’ हे घराघरात मुरलेलं आहे. इथे बहुतेक योजनांत पहिल्या आणि शेवटच्या युनिटचा दर एकच असतो, आणि स्टँडिंग चार्ज सगळ्यांना सारखा. परिणामी कमी वापरणाऱ्याला एक युनिट सरासरीने जास्त महाग पडतं. हे अन्यायाचं आहे असं माझं मत आहे आणि त्यावर इथेही वाद चालूच असतो, पण नियम आज असा आहे. दुसरा फरक निवडीचा. ठाण्यात तुम्हाला महावितरणशिवाय पर्याय नव्हता. मुंबईच्या उपनगरांत अदाणी की टाटा असा पर्याय आहे, पण तिथे दोघांचेही दर वीज नियामक आयोग ठरवून देतो. इथे दर कंपनी ठरवते, आणि तोही फक्त मूळ योजनेचा कितीच्या वर जाऊ नये एवढं नियामक बघतो.

या प्राइस कॅपबद्दल मोठा गैरसमज आहे. २०२५ च्या ऑक्टोबरात बातमीत ‘कॅप १,७५५ पाउंड’ असं येत होतं आणि लोकांना वाटत होतं आपलं बिल त्याच्या वर जाणारच नाही. जाईल. कॅप बिलाला नाही, दरांना आहे. १,७५५ हे त्या ‘सर्वसाधारण घराचं’, डायरेक्ट डेबिटने भरणाऱ्याचं वर्षाचं बिल. तुमचा वापर त्याहून जास्त, म्हणून तुमचं १,९५५. बिल आल्यावर स्वतः भरणाऱ्यांसाठी कॅप वर्षाला शंभराहून जास्त पाउंडांनी वर असतो, म्हणून डायरेक्ट डेबिट फायद्याचंच. प्रीपेमेंट मीटरवाल्यांचा आता किंचित खाली आहे, पूर्वी तो डायरेक्ट डेबिटपेक्षा महाग असायचा.

हा कॅप आला तो लोक कंपनी बदलत नव्हते म्हणून. गॅसचा किरकोळ बाजार घरांसाठी १९९८ मध्ये आणि विजेचा १९९९ मध्ये पूर्ण खुला झाला. कल्पना अशी की ग्राहक स्वस्ताकडे जातील आणि कंपन्या दर उतरवतील. प्रत्यक्षात नव्या ग्राहकाला स्वस्त योजना आणि वर्षानुवर्षं टिकून राहिलेल्याला महाग मूळ योजना, असं झालं. २०१६ मध्ये स्पर्धा नियामकाने हिशोब मांडला की ग्राहक वर्षाला सरासरी १.४ अब्ज पाउंड जास्त मोजत आहेत. त्यातून २०१८ चा कायदा झाला आणि १ जानेवारी २०१९ पासून कॅप लागू झाला. त्यामुळे आता आळशी ग्राहकाचं नुकसान पूर्वीसारखं तीनशे-साडेतीनशेंचं होत नाही, आणि कंपनी बदलून मिळणारी बचतही तेवढी राहिलेली नाही. शंभर-दीडशे पाउंड मिळाले तर चांगलं म्हणायचं. पाचशे वाचतील असं सांगणारा दारावरचा माणूस काहीतरी विकायला आला आहे. दारात सही करू नका, बिल दाखवू नका, त्यावरचा मीटर क्रमांकही वाचून देऊ नका.

कंपनी बुडाली तर? हा प्रश्न तुम्ही विचारलात ते बरं केलंत, कारण हे खरोखर घडलंय. २०२१ च्या शरद ऋतूत घाऊक गॅसचे भाव भडकले. ज्या छोट्या कंपन्यांनी पुढच्या महिन्यांचा गॅस आधी विकत घेऊन ठेवला नव्हता त्यांना महाग घेऊन कॅपच्या दराने स्वस्त विकावं लागलं. वर्षभराच्या आत तीसच्या आसपास कंपन्या बंद पडल्या. त्यांत सगळ्यांत मोठी बल्ब नावाची, पंधरा लाखांहून जास्त ग्राहकांची. ती सरकारी खर्चाने विशेष प्रशासनाखाली चालवली आणि २०२२ च्या शेवटी ऑक्टोपस या दुसऱ्या ऊर्जा कंपनीने घेतली. एकाही घराची वीज गेली नाही. ऑफजेम बुडालेल्या कंपनीचे ग्राहक दुसऱ्या कंपनीकडे सोपवतो आणि घरगुती खात्यातली जमा रक्कम सुरक्षित राहते. अशा वेळी फक्त मीटरचे फोटो काढून ठेवायचे आणि नव्या कंपनीचं पत्र येईपर्यंत स्वतःहून कुठे जायचं नाही. तुमचा स्वस्त स्थिर दर मात्र जातो.

त्या बुडीताचा खर्च शेवटी आपणच भरला. तो मुख्यतः विजेच्या स्टँडिंग चार्जमध्ये घातला गेला. एप्रिल २०२२ मध्ये तो दिवसाला साधारण २५ पेन्सवरून ४५ वर गेला आणि नंतर त्याच्या खाली आलाच नाही. इतर वाढीव खर्चांनी ती जागा घेतली. जुन्या स्वस्ताईची किंमत अशी सगळ्यांना पडली. मी स्वतः कंपनी निवडताना दर पहिल्या तीनांत आहे का ते बघतो, आणि मग सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस ही संस्था दर तिमाहीला कंपन्यांच्या ग्राहकसेवेला गुण देते ते बघतो. वर्षाला पंधरा पाउंड जास्त मोजून फोन उचलणारी कंपनी मिळत असेल तर मी ती घेईन.

स्थिर दर घ्यावा की कॅपसोबत वरखाली होणाऱ्या योजनेवर राहावं, यावर छातीठोक बोलणाऱ्यांपासून लांब राहा. ऑक्टोबर २०२२ ला कॅप ३,५४९ पाउंडांवर गेला. सरकारने मध्ये पडून सर्वसाधारण बिल २,५०० च्या आसपास धरून ठेवलं. जुलै २०२३ ला कॅप २,०७४ वर उतरला. २०२२ च्या उन्हाळ्यात घाबरून दोन वर्षांचा चढा दर बांधून घेतलेली मंडळी नंतर बाहेर पडायचा दंड विचारत आमच्याकडे येत होती. त्याच्या आदल्या वर्षी भाव चढायच्या आधी दोन वर्षांचा दर बांधलेले लोक मात्र निवांत होते. दोघांनाही पुढचं माहीत नव्हतं. मी एकच कसोटी लावतो: आज मिळणारा वर्षाचा स्थिर दर आजच्या कॅपपेक्षा सात-आठ टक्क्यांनी खाली असेल आणि बाहेर पडायचा दंड परवडण्यासारखा असेल, तर घ्यावा. तुमचं ‘अ’ उदाहरण त्यात बसतं. कॅप दर तीन महिन्यांनी, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरच्या एक तारखेला बदलतो. नवा आकडा महिनाभर आधी जाहीर होतो, तेव्हा चार-आठ दिवस थांबून बघितलं तर बिघडत नाही.

तो दंड बहुधा एका इंधनामागे ५० पाउंडांच्या आसपास असतो, म्हणजे गॅस आणि वीज मिळून शंभर. तुम्हाला आज तो लागू नाही, कारण तुम्ही कोणताही करार केलेला नाही. घरात राहायला आल्याबरोबर आधीच्या कंपनीशी आपोआप जो करार धरला जातो त्यातून कधीही फुकट बाहेर पडता येतं. उद्या स्थिर योजना घेतलीत तर मुदत संपायला ४९ दिवस किंवा कमी उरल्यावर दंड घेता येत नाही. ती तारीख फोनमध्ये टाकून ठेवा. तुमचा भाडेकरार पुढच्या एप्रिलला संपतोय, तेव्हा घर सोडल्यास दंड माफ होतो का, की योजना नव्या घरी नेता येते, हे आधीच लेखी विचारा. प्रत्येक कंपनीचं उत्तर वेगळं असतं.

आता मीटर, कारण घोळ बहुतेक तिथेच होतात. नव्या कंपनीकडे जायचा दिवस कळला की त्या दिवशी दोन्ही मीटरचे फोटो काढा, मीटरचा क्रमांक आणि आकडा दोन्ही दिसतील असे. स्मार्ट मीटर असला तरी काढा. जुनी कंपनी ज्या आकड्यावर बिल बंद करते त्याच आकड्यावर नव्या कंपनीचं बिल उघडलं पाहिजे. दोघांत फरक पडला तर मधली युनिटं दोनदा भरायची वेळ येऊ शकते. शेवटचं बिल सहा आठवड्यांत आणि जमा रक्कम त्या बिलानंतर दहा कामकाजाच्या दिवसांत परत यायला हवी. न आल्यास ठरलेली भरपाई मिळते.

गॅसचा मीटर बारकाईने बघा. मुंबई-ठाण्यात पाइप गॅसचं बिल घनमीटरमध्ये येतं. इथे मीटर आकारमान मोजतो आणि बिल युनिटमध्ये येतं. घनमीटरला १.०२२६४ ने गुणायचं, मग उष्मांकाने, जो ३९ च्या आसपास असतो, आणि ३.६ ने भागायचं. ढोबळमानाने एक घनमीटर म्हणजे ११ युनिट. पण जुन्या घरांत अजून घनफुटांचे मीटर आहेत. त्यांचा आकडा शंभर घनफुटांमध्ये असतो आणि आधी २.८३ ने गुणावा लागतो. आमच्याकडे आलेल्या एका कुटुंबाचा मीटर घनमीटरचा होता, पण कंपनीच्या नोंदीत तो घनफुटांचा म्हणून चढला होता. बिल जवळपास तिप्पट येत होतं आणि ते बिचारे स्वेटर घालून बसत होते. तीन कंपन्या बदलूनही उपयोग झाला नाही, कारण नोंद पुढे पुढे तशीच जात राहिली. मीटरच्या तोंडावर ‘एम³’ आहे की ‘एफटी³’ एवढं वाचलं असतं तर पहिल्याच महिन्यात लक्षात आलं असतं.

विजेच्या मीटरवर दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन आकडे दिसत असतील तर तुम्ही इकॉनॉमी सेव्हन या रात्री स्वस्त, दिवसा महाग दराच्या योजनेवर आहात. आधीच्या कोणाकडे रात्री तापणारे हीटर असतील. तुम्ही गॅस बॉयलरवर आहात, रात्री झोपता, त्यामुळे ती योजना तुम्हाला दिवसा महाग पडते. साधारण ४० टक्के वापर रात्री असेल तरच ती परवडते. कंपनीला एकाच दराची योजना मागा, मीटर न बदलताही बऱ्याच कंपन्या ती देतात. पुढे इलेक्ट्रिक गाडी घेतलीत तर हिशोब पुन्हा मांडावा लागेल, कारण तेव्हा रात्रीच्या स्वस्त दराची खास योजना सगळ्यांवर मात करते.

दर तुलना करणाऱ्या संकेतस्थळांना कंपन्यांकडून दलाली मिळते. त्यात गैर काही नाही, पण कधीकधी ते दलाली देणाऱ्याच योजना आधी दाखवतात. ‘सगळ्या योजना दाखवा’ ही खूण शोधा. ऑफजेमची मान्यता असलेलं संकेतस्थळ वापरा, आणि तिथे ‘तुमचा महिन्याचा खर्च किती’ असं विचारलं तर १९० टाकू नका. ‘मला वापर माहीत आहे’ निवडून ३,१०० आणि १३,००० टाका. पाउंड टाकले की यंत्र तुमच्या फुगलेल्या हप्त्यावरून वापर काढतं आणि बचत मोठी दाखवतं.

आधीच्या भाडेकरूच्या नावाने किंवा ‘राहणाऱ्यास’ अशी वसुलीची पत्रं येत असतील तर ती केराच्या टोपलीत टाकू नका. त्यांची थकबाकी तुमची नाही, पण तुम्ही राहायला आल्याची तारीख आणि त्या दिवसाचं रीडिंग भाडेकराराच्या प्रतीसह कळवल्याशिवाय कंपनीला ते कळणार कसं? आणि कंपनीने स्वतःच्या चुकीने बिल पाठवलं नसेल तर बारा महिन्यांपेक्षा जुन्या वापराचे पैसे ती मागू शकत नाही. तक्रार आधी कंपनीकडे लेखी करा. आठ आठवड्यांत सुटली नाही तर एनर्जी ऑम्बड्समन या तक्रार सोडवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे जाता येतं, फुकट, आणि त्याचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो.

तुम्ही सध्या एवढंच करा: या आठवड्यात रीडिंग देऊन हप्ता कमी करून घ्या, मीटरचा प्रकार तपासा, मग ‘अ’ सारखी वर्षाची योजना मिळाली तर घ्या. गॅस आणि वीज एकाच कंपनीची असायला हवी असंही नाही. वेगवेगळी स्वस्त पडत असेल तर वेगवेगळी घ्या. एकत्र असण्यात सोय आहे, सवलत आता फारशी नसते.

मेहुण्याचं वेगळं आहे. लंडनच्या नव्या टॉवरमध्ये बहुधा घरात बॉयलर नसतो. कपाटात एक पेटी असते आणि इमारतीच्या तळघरातून गरम पाणी येतं. याला हीट नेटवर्क म्हणतात. त्याचं बिल इमारतीने नेमलेली कंपनी पाठवते, ती बदलता येत नाही, आणि तिच्या उष्णतेच्या दराला प्राइस कॅप लागू नाही. त्याने विजेची कंपनी बदलावी, ती त्याच्या हातात आहे. वर सांगितलेलं सगळं विजेपुरतं त्याला लागू पडेल, फक्त तुलना करताना ‘फक्त वीज’ निवडायचं. उष्णतेसाठी मात्र त्याने व्यवस्थापनाकडे दराचा तपशील मागावा, त्यात स्थिर आकार किती आणि युनिट किती ते बघावं, आणि शेजाऱ्यांना बरोबर घ्यावं. तिथला दर बदलतो तो सगळ्या इमारतीचा, एका फ्लॅटचा नाही.